दूध सोडायचं ठरवलंत तर: मराठी स्वयंपाकघरासाठी काही सूचना

माझं माहेर संगमनेर तालुक्यातलं. गोठ्यात एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन या परदेशी जातीच्या) गाया, पहाटे आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर जाणारे कॅन, आणि दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगार. आम्हा भावंडांची शिक्षणं त्या पगारावर झाली. त्यामुळे दूधवाल्या शेतकऱ्याला क्रूर ठरवणारं एकही वाक्य तुम्हाला इथे सापडणार नाही. तरीही मी दूध, दही, तूप, लोणी, पनीर, खवा सगळं सोडलं आहे, आणि रोजचा स्वयंपाक मराठीच करते. ज्यांना हे करून बघायचं आहे आणि नेमकं कुठून सुरू करायचं ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी कारण सांगते. कारण स्वतःशी पक्कं नसेल तर पहिल्या लग्नाच्या पंगतीतच बासुंदीपुढे माघार होते.

गाय दूध देते ती व्याल्यामुळे. सुमारे २८० दिवस गाभण राहून ती विते, दोन-तीन महिन्यांत पुन्हा माजावर येते, डॉक्टर येऊन कृत्रिम रेतनाने भरवून जातात. मग ती एकीकडे दूध देते आणि एकीकडे पोटात पुढचं वासरू वाढवते. शेवटचे दोन महिने तिला आटवतात, म्हणजे धार बंद करतात, आणि परत नवं वेत. म्हणजे दूध सुरू ठेवायचं तर दरवर्षी वासरू जन्मावं लागतं. त्यातल्या निम्म्या कालवडी, निम्मे पाडे, म्हणजे नर वासरं. कालवड ही उद्याची गाय. पाड्याचं काय?

पूर्वी त्याला काम होतं. आमच्याकडची खिलार गाय घरात असायची ती मुळात बैलासाठी. दूध वासराला पुरून उरलं तर घरात यायचं. पुढे दुधासाठी संकर सुरू झाले. पुण्याजवळ उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफ ही संस्था उभी केली, आणि तिथल्यासारख्या कामातून परदेशी रक्ताच्या गाया गावोगाव पोहोचल्या. त्यामुळे गरिबांच्या घरात पैसा आला हे मी नाकारत नाही, आमच्याच घरात आला. पण एचएफच्या पाड्याला वशिंड नसतं, जू नीट बसत नाही, ऊन सोसत नाही. त्यात ट्रॅक्टर आले. आता तो जन्मतो तोच बिनकामाचा म्हणून.

हिशोब मांडून बघा. तीस किलोच्या वासराला वजनाच्या दहा टक्के, म्हणजे दिवसाला तीन लिटर दूध लागतं. लिटरला तीस रुपये धरले तरी रोजचे नव्वद रुपये. २०२३-२४ मध्ये तर गाईच्या दुधाचा भाव २५ ते २७ रुपयांपर्यंत खाली आला होता, आणि सरकारला लिटरमागे ५ रुपयांचं अनुदान जाहीर करावं लागलं होतं. पेंड, मुरघास, डॉक्टर यांचा खर्च भागवून ज्याच्या हातात जेमतेम काही उरतं, त्याने ज्याच्यापासून कधीच पैसा येणार नाही अशा पाड्याला नव्वद रुपये रोज पाजायचे? तो पाजत नाही. एखादा आठवडा थोडंफार दूध, मग नुसतं पाणी आणि उरलीसुरली वैरण. हगवण लागते, अंग सुकतं, आणि बरेच पाडे महिन्याभरात संपतात. जे जगतात ते कुणीतरी रात्री टेम्पोत घालून हायवेला किंवा एखाद्या देवळापाशी सोडून येतं.

कायद्याचाही भाग आहे. महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्याने बंद झाली, आणि २०१५ पासून बैल, वळू, गोऱ्हे यांचीही बंद आहे. म्हशी त्यात येत नाहीत. कायदा योग्य की अयोग्य या वादात मी शिरत नाही, गोठ्यात त्याचा परिणाम काय होतो तेवढं सांगते: रेडकू खाटकाकडे जातं आणि पाडा उपाशी मरतो. म्हशीचं मांस निर्यात करणाऱ्या देशांत भारत अगदी वरच्या रांगेत आहे, आणि तो धंदा दुधाच्या म्हशींवरच उभा आहे. शाकाहारी घरातल्या पिशवीबंद दुधाचा याच्याशी थेट संबंध आहे, हे मला कुणी पुस्तकातून शिकवावं लागलं नाही.

धार काढताना काय होतं तेही एकदा नीट बघा. वासराला आधी सोडतात. ते कासेला दोन ढुशा देतं, सड तोंडात घेतं, गाय पान्हा सोडते. पान्हा आला की दावं ओढून त्याला बाजूला करायचं आणि आईच्या तोंडापुढे बांधायचं. ती त्याला चाटत राहते आणि खाली चरवी भरत जाते. वासराच्या ओठांवर फेस तसाच असतो, जीभ बाहेर काढून ते तो चाटत असतं. जरा मोठं झालं की त्याच्या तोंडाला काटेरी मुसकी, म्हणजे प्यायला गेलं तर काटे कासेला टोचतात आणि आईच लाथ मारते. मशीनच्या बऱ्याच गोठ्यांत तर वासरू पहिल्याच दिवशी वेगळं करतात.

देशी गाईचं दूध प्या, मग प्रश्न सुटतो, असं पुष्कळांना वाटतं. गीर गाईलाही निम्मे पाडेच होतात, आणि पुण्या-मुंबईला दूध पुरवणाऱ्या गोठ्यात त्यांना नांगर नसतो. अलीकडे कालवडच होईल अशा रेतमात्रा (कृत्रिम रेतनासाठीचे वीर्याचे डोस) मिळतात, त्यांनी नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडी होतात. माझा दादा आता त्याच वापरतो, आणि त्याने तेवढे पाडे जन्मायचे वाचतात याचं मला खरंच बरं वाटतं. पण त्या सगळ्या कालवडी पुढे कधीतरी भाकड होणार. गाय वीस वर्षं जगू शकते, दूध मात्र त्याच्या निम्म्या काळातच परवडेनासं होतं.

हे झालं कारण. आता स्वयंपाकघर.

चहापासून सुरू करू नका

बहुतेकजण पहिल्या दिवशी चहातलं दूध बदलतात. सकाळचा पहिला घोट बिघडला की सगळा बेतच बारगळतो. चहा शेवटी घ्या. आधी जिथे दुधातुपाकडे कुणाचं लक्षही जात नाही तिथून काढा: फोडणीतलं तूप, पोळीला लावलेलं तूप, बिस्किटं, चॉकलेट, पंजाबी भाज्यांतली साय. मग दही-ताक. मग गोडधोड. मग चहा. घाई नको. एक गोष्ट अंगवळणी पडली की पुढची.

आणि आधीपासून काय काय दुधाशिवाय चालू आहे ते एकदा मोजा. पिठलं-भाकरी, ठेचा, दाण्याच्या कुटाची भरली वांगी, कटाची आमटी, मटकीची उसळ, मिसळ, कांदेपोहे, थालीपीठ, वालाचं बिरडं, सोलकढी, दाण्याची आमटी, तिळगूळ, चिक्की. आपल्याकडे वाटणाला घट्टपणा येतो तो दाणे, तीळ, खोबरं यांनी. उत्तरेकडच्या भाज्यांसारखं आपलं जेवण सायीवर अवलंबून नाही. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, घाट, कोकण, कुठल्याही भागातलं रोजचं ताट घ्या, त्यातली दुधाची जागा फार थोडी निघेल: एक ताक, एक तुपाची धार, एक चहा.

दही

इथे मी जरा थांबते, कारण दही जमलं की अर्धी लढाई जिंकली.

मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं ते शेंगदाण्याचं दही. एक वाटी कच्चे, न भाजलेले दाणे रात्री भिजत घाला. सकाळी चोळून सालं काढा. सालं राहिली तर दही तुरट लागतं आणि रंग मळकट येतो. थोड्या पाण्यात अगदी मऊ गंध वाटा, मग पाणी वाढवत न्या. एकूण पाणी तीन वाट्या, त्याहून जास्त नको. स्वच्छ मलमलच्या फडक्यातून पिळून घ्या. चोथा टाकू नका, थालीपिठात किंवा भाजीत कुटासारखा वापरता येतो.

हे दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. तळाला पटकन लागतं आणि डोळा चुकला की उतू जातं. उकळी आल्यावर सात-आठ मिनिटं द्या, म्हणजे कच्चा वास जातो. मग करंगळी बुडवून सोसवेल इतकं कोमट होऊ द्या.

विरजण कुठून आणायचं? हिरव्या मिरच्यांचे देठ. सहा-सात मिरच्यांचे देठ टोपीसकट, मिरची न फोडता, धुऊन त्या कोमट दुधात बुडवायचे. झाकून उबदार जागी ठेवायचं, थंडीत पिठाच्या डब्यात किंवा रजईत गुंडाळून. दहा-बारा तासांनी आंबट वास येतो आणि दूध धरलेलं दिसतं. ही पहिली खेप सैल असते, किंचित तारही येते, चवही कच्ची. तिच्यावरून दह्याची परीक्षा करू नका. देठ काढून टाका, त्यातलं मोठा चमचाभर विरजण म्हणून वापरा आणि नव्या दुधाला लावा. दुसरी-तिसरी खेप सहा-आठ तासांत घट्ट लागते आणि चव स्वच्छ होते. पुढे नेहमीसारखं चमचाभर मागे ठेवत जायचं.

या दह्याची कढी फार सुंदर होते. बेसन नेहमीच्या मापाने, आलं-मिरची, फोडणीत कढीपत्ता, मेथ्यांचे चार दाणे. मठ्ठाही छान लागतो, हिंग-जिऱ्याने दाण्याचा वास झाकला जातो. कोशिंबिरीला मात्र मी दही घालतच नाही. काकडीला दाण्याचं कूट, लिंबू आणि वरून फोडणी, ती आपली खमंग काकडी, मुळातच पुरी आहे. श्रीखंडासाठी दाण्याचं दही वापरू नका. काजूचं करा, फडक्यात टांगा, चक्का निघतो. घरात कुणाला दाण्याची ॲलर्जी असेल तर नारळाच्या दुधाला हेच विरजण लावा, ते पातळ राहतं पण कढीला चालतं.

सोयाबीनचं दूध घट्ट आणि प्रथिनांनी भरलेलं असतं, फक्त त्याचा उग्र वास लोकांना नको वाटतो. भिजवलेले, सोललेले दाणे उकळत्या पाण्यासोबत वाटले तर तो वास पुष्कळ कमी होतो. गार पाण्यात वाटले की येतोच. हे दूध कमीत कमी पंधरा मिनिटं उकळायला हवं, कच्चं पिऊ नये. लिंबू पिळून फाडलं की टोफू, तो पनीरच्या जागी.

तूप आणि सणाचं गोड

वरणभातावरच्या तुपाची बरोबरी दुसरं काही करत नाही, हे मान्य करून पुढे जाऊ. मी वरणाला लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलात जिरं-हिंग-लसणाची फोडणी देते. तसं वरण वेगळं लागतं, पण उणं लागत नाही. पुरणपोळी नारळाच्या दुधाबरोबर किंवा बिनदुधाच्या गुळवणीबरोबर खाणारी घरं आपल्याकडे आधीपासून आहेत. उकडीच्या मोदकावर खाण्याच्या खोबरेलाचा थेंब. शंकरपाळे, चकली, करंजी यांना तेलाचं कडकडीत मोहन पुरतं. वनस्पती तूप घेऊ नका, तब्येतीला ते वाईट.

बेसनाचे लाडू हा अवघड भाग. त्यांना वास नसलेलं, शुद्ध केलेलं खोबरेल वापरा, आणि तुपापेक्षा थोडं कमी घ्या. खोबरेल साधारण २४ अंशांच्या पुढे पातळ होतं. म्हणून दिवाळीच्या थंडीत लाडू छान वळतात, एप्रिलमध्ये बसतात. उन्हाळ्यात डिंकाचे किंवा दाणे-गुळाचे करावेत.

कोजागिरीला काजू-बदाम भिजवून बारीक वाटा, पाण्यात उकळा, केशर-वेलची-जायफळ घाला. काजूमुळे आटवलेल्या दुधासारखा दाटपणा येतो. खरवसही होतो: नारळाचं दाट दूध, गूळ, वेलची आणि चायना ग्रास (समुद्री शेवाळापासूनचं अगर-अगर). चीक हे वासराचं पहिलं दूध. आजारांशी लढायची ताकद त्याला त्यातूनच मिळते, आणि ती शोषून घ्यायची मुभा त्याच्या आतड्याला जन्मानंतर जेमतेम दिवसभर असते. हे कळल्यावर मला गाईच्या चिकाचा खरवस खाववेना.

आता चहा

पाणी, आलं, साखर, पूड घालून नेहमीपेक्षा दाट काढा करा आणि गाळा. काजूचं दूध वेगळं गरम करा: दहा-बारा भिजवलेले काजू कपभर पाण्यात वाटले की गाळायचीही गरज नाही. कपात आधी दूध, मग वरून चहा. दोन्ही एकत्र खळखळा उकळलं तर दूध फाटू शकतं, आणि ओट्सचं असेल तर बुळबुळीत होतं. गवती चहा घातलेला कोरा चहाही प्या. सवय लागली की दूध घातलेला जड वाटायला लागतो.

तब्येत

इथे हलगर्जी नको. बी१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. आंबवलेल्या पिठातून मिळतं, न धुतलेल्या भाजीतून मिळतं, असलं काही ऐकून बसू नका. दूध पिणाऱ्या शाकाहारी माणसांतही आपल्याकडे ते सर्रास कमी सापडतं. रक्त तपासा, डॉक्टरांना विचारून गोळीचं प्रमाण ठरवा, आणि ती कायमची घ्या. 'ड' जीवनसत्त्वाचीही तपासणी त्याच वेळी करून टाका.

कॅल्शियमला आपल्याकडे नाचणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, शंभर मिली दुधात एकशेवीसच्या आसपास. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १००० मिलिग्रॅम धरतात. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, राजगिरा हे आलटून पालटून रोज पोटात गेलं पाहिजे. पालकावर विसंबू नका, त्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही. नाचणीची आंबील ताकाशिवाय होते: पीठ रात्री पाण्यात कालवून झाकून ठेवा, सकाळी आपसूक आंबलेलं असतं, मीठ-लसूण घालून शिजवा.

तान्ह्या बाळाला आईच्या दुधाच्या किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या दुधाच्या जागी यातलं एकही दूध देऊ नका. लहान मुलं, गरोदर बाई, आजारी माणूस यांचा आहार बदलायचा तर आधी डॉक्टर.

दुकानात

हिरवा ठिपका काही सांगत नाही, कारण दुधालाही हिरवाच ठिपका. घटकांची यादी वाचा. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, बटर ऑइल, ही सगळी दुधाचीच नावं. यादीखाली ॲलर्जीची ओळ असते, तिथे दूध लिहिलेलं आहे का ते आधी बघा, वेळ वाचतो. फरसाणाच्या मसाल्यात, पावात, डार्क म्हणवणाऱ्या चॉकलेटातही दुधाची भुकटी निघते. २०२२ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच नसलेल्या, पदार्थांसाठी वेगळं चिन्ह ठरवलं आहे, हिरव्या रंगात इंग्रजी व्ही आणि वर छोटं पान. बदाम किंवा सोयाच्या पेयाच्या खोक्यावर 'दूध' असं छापायला परवानगी नाही, म्हणून दुकानदाराकडे पेय म्हणून मागा.

माणसं

आमच्याकडे सासूबाई पंचामृत दुधाचंच करतात. मी त्यांना अडवत नाही. नैवेद्याला मी खोबऱ्याच्या वड्या ठेवते आणि तीर्थ म्हणून तुळशीचं पान घेते. कुणाकडे जेवायला जायचं असेल तर दोन दिवस आधी फोन करून सांगा: "काकू, मला पिठलं-भाकरी पुरे, वेगळं काही करू नका." पानात वाढल्यावर नाकारण्यापेक्षा हे शंभर पट बरं. हळदीकुंकवाला दूध समोर आलं तर हात जोडून नको म्हणा, कारण विचारलं तरच सांगा, आणि दोन वाक्यांत सांगा.

शेतकऱ्याच्या घरी जाऊन उपदेश करू नका. दादा मला एकदाच म्हणाला, "ताई, सगळ्यांनी दूध सोडलं तर मी काय विकू?" प्रश्न खरा आहे. जमीन थोडी, पाऊस बेभरवशाचा, दहा दिवसांनी रोख देणारं दुसरं पीक त्याच्याकडे नाही. लातूरकडचा सोयाबीनवाला २०२४ मध्ये हमीभावाच्याही खाली माल विकत होता, तेव्हा नुसतं सोया प्या म्हणून त्याचंही भागत नाही. मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण देण्यासारखं माझ्याकडे नव्हतं. मी दुधावरचे पैसे वाचवते असंही नाही. भुईमूग आणि तीळ त्याच्याच शिवारातल्या शेतकऱ्यांकडून, बाजारापेक्षा दोन रुपये जास्त देऊन घेते. तुम्हाला शक्य असेल तर तुम्हीही थेट घ्या.

आणि ज्यांचं दूध इतक्यात सुटणार नाही, त्यांनी निदान आपल्या दूधवाल्याला चार गोष्टी विचाराव्यात. पाडे कुठे जातात? वासराला किती दिवस आणि किती सड सोडता? भाकड गाय कुणाला देता? कालवड होणाऱ्या रेतमात्रा वापरता का? गोठा बघायला येऊ का, असंही विचारा, आणि जा. धार काढायच्या वेळेला जा, दुपारी नको. जो गोठा पाडा दाखवतो आणि सांभाळतो त्याचं दूध महाग पडतं. लिटरला वीस-पंचवीस रुपये जास्त मागितले तर द्या, आणि तेवढं दूध कमी घ्या.